इस्लामी बँकिंग आणि पारंपरिक बँकिंग

इस्लामी बँकिंग ही शरीयतच्या आर्थिक नियमांना अनुसरून चालणारी बँकव्यवस्था होय. तिच्यात पैसे उसने देऊन त्यांवर व्याज घेणे वर्ज्य असते. बँकेचे उत्पन्न वस्तूंची विक्री, मालमत्तेचे भाडे आणि उद्योगधंद्यातील भागीदारी यांतून येते. ही व्यवस्था नफा नाकारते, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. नफा कशाच्या मोबदल्यात मिळवला आणि त्यासाठी जोखीम कोणी उचलली, हा दोन्ही व्यवस्थांमधील मुख्य भेद आहे.

वैचारिक आधार

‘रिबा’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ‘वाढ’ असा आहे. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात (अल-बकरा, आयत २७५) व्यापार वैध आणि रिबा निषिद्ध मानला आहे. बहुसंख्य मुस्लिम धर्मशास्त्रज्ञ बँकेच्या व्याजाची गणना रिबात करतात. मात्र याविषयी एकमत नाही. इजिप्तचे तत्कालीन महामुफ्ती मुहम्मद सय्यिद तंतावी यांनी १९८९ मध्ये सरकारी गुंतवणूक प्रमाणपत्रांवरील परतावा वैध ठरवला होता.

रिबाखेरीज ‘गरार’ (करारातील अतिरेकी अनिश्चितता) आणि ‘मैसिर’ (जुगार) यांनाही मनाई आहे. मद्य, जुगार यांसारख्या व्यवसायांना अर्थसाहाय्य दिले जात नाही. करार नियमांत बसतो की नाही, हे बँकेचे शरीयत मंडळ तपासते.

इतिहास

आधुनिक काळातील पहिला उल्लेखनीय प्रयोग १९६३ मध्ये इजिप्तमधील नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील मित घम्र या गावी झाला. अर्थतज्ज्ञ अहमद अल-नज्जार यांनी जर्मनीतील बचत बँकांच्या धर्तीवर ही ग्रामीण बचत बँक उभारली. १९७५ मध्ये दुबई इस्लामिक बँक आणि जेद्दा येथील इस्लामी विकास बँक यांचे कार्य सुरू झाले. मलेशियात १९८३ मध्ये बँक इस्लाम स्थापन झाली. ब्रिटनने २०१४ मध्ये २० कोटी पौंडांचे सुकूक विक्रीस काढले.

व्यवहारांचे प्रमुख प्रकार

- मुराबहा : बँक वस्तू विकत घेते आणि खरेदीची किंमत व आपला नफा उघड सांगून ती ग्राहकाला उधारीवर विकते.
- इजारा : बँक मालमत्ता स्वतःच्या मालकीची ठेवून भाड्याने देते.
- मुदारबा : एक पक्ष भांडवल देतो, दुसरा श्रम व कौशल्य. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो. तोटा झाल्यास भांडवल देणारा तो सोसतो.
- मुशारका : दोन्ही पक्ष भांडवल घालतात आणि त्या प्रमाणात तोटा सोसतात.
- सुकूक : मालमत्तेतील हिस्सा दर्शवणारी प्रमाणपत्रे. कर्जरोख्यांना पर्याय म्हणून ती वापरली जातात.

कर्जव्यवहाराची तुलना

एका कारखानदाराला १० लाख रुपयांचे यंत्र हवे आहे, असे समजू. पारंपरिक बँक त्याला १० टक्के दराने १० लाख रुपये देईल आणि वर्षाअखेर ११ लाख वसूल करील. इस्लामी बँक मुराबहा पद्धतीने ते यंत्र १० लाखांना विकत घेईल आणि एका वर्षाच्या उधारीवर ११ लाखांना विकेल. कारखानदाराच्या खिशातून दोन्ही वेळा सारखीच रक्कम जाते. भेद पुढील प्रसंगी दिसतो.

खरेदी आणि विक्री यांमधल्या काळात यंत्र बँकेच्या मालकीचे असते. तेवढ्यात ते जळाले, तर नुकसान बँकेचे होते. पारंपरिक कर्जात पैसे हाती पडल्यापासून सर्व जोखीम कर्जदाराची असते. परतफेड थकल्यास पारंपरिक बँकेचे व्याज वाढत जाते. मुराबह्यात ठरलेली किंमत वाढवता येत नाही. विलंबाबद्दल दंड घेतला, तर तो साधारणतः धर्मादाय कामाकडे वळवला जातो. मात्र मुदतीपूर्वी परतफेड केल्यास पारंपरिक कर्जाचे पुढील व्याज वाचते, तर मुराबह्यातील सवलत अनेक ठिकाणी बँकेच्या मर्जीवर अवलंबून असते.

ठेवीदाराचे स्थान

पारंपरिक बँकेत ठेवीदार हा बँकेचा धनको असतो. बँकेला तोटा झाला तरी मुद्दल व ठरलेले व्याज देणे तिच्यावर बंधनकारक असते. इस्लामी बँकेच्या मुदारबा खात्यात ठेवीदार भांडवल पुरवणारा असतो. त्याला निश्चित परताव्याची हमी नसते आणि तत्त्वतः तोटाही सोसावा लागतो. प्रत्यक्षात ठेवी काढून घेतल्या जाण्याच्या भीतीने अनेक बँका राखीव निधीतून परतावा बाजारातील व्याजदराच्या आसपास राखतात.

टीका

भागीदारीवर आधारलेले व्यवहार हा या व्यवस्थेचा आदर्श मानला जातो. तथापि बँकांचा कल मुराबह्यासारख्या निश्चित परताव्याच्या व्यवहारांकडे राहिला. नफ्याचा दर ठरवताना बाजारातील व्याजदरच प्रमाण मानला जातो, त्यामुळे हे नाव बदललेले व्याज आहे, असा आक्षेप घेतला जातो. समर्थकांच्या मते दराचे माप सारखे असले, तरी कराराचे स्वरूप वेगळे राहते. रोख रक्कम मिळवण्यासाठी केवळ कागदोपत्री खरेदी-विक्री करण्याच्या ‘संघटित तवर्रुक’ पद्धतीला मात्र आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीनेच २००९ मध्ये अवैध ठरवले.

भारतातील स्थिती

भारतात अडचण प्रामुख्याने कायद्याची आहे. बँकिंग विनियमन अधिनियम, १९४९ नुसार बँकेतील ठेव परत करण्याजोगी असावी लागते आणि कलम ८ बँकांना मालाच्या खरेदी-विक्रीस सर्वसाधारणपणे मनाई करते. त्यामुळे मुदारबा ठेव आणि मुराबहा हे दोन्ही प्रकार चौकटीबाहेर पडतात. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील वित्तीय सुधारणा समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. व्याजाच्या निषेधामुळे बँकांपासून दूर राहणाऱ्यांना, विशेषतः गरिबांना, वित्तसेवा मिळाव्यात, हा तिचा उद्देश होता. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने, सर्व नागरिकांना बँकसेवांची व्यापक व समान संधी उपलब्ध असल्याचे कारण देऊन, हा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय जाहीर केला.