गावाच्या नांग्या वेळेवर भरा



खोडव्यात नांग्या पडल्या की आपण रोपं लावून भरतो. गावात पडलेल्या नांग्यांचं काय?

जपानच्या तोकुशिमा प्रांतातील कामियामा हे डोंगरी गाव पाहा. १९५५ साली वस्ती सुमारे २१ हजार. आता जेमतेम ५ हजार. तरणी पोरं शहरात गेली, घरांना कुलपं लागली. पुढे ऑप्टिकल फायबरचे जाळे आले. २०१० मध्ये टोकियोच्या सानसान कंपनीने तिथल्या जुन्या घरात कचेरी थाटली. मागोमाग इतर आल्या. २०११ साली गाव सोडणाऱ्यांपेक्षा येणारे जास्त भरले.

पण नुसत्या पाण्याने ऊस येत नाही, तशी नुसत्या तारेने माणसं येत नाहीत. 'ग्रीन व्हॅली' या स्थानिक संस्थेने बंद घरे मिळवून दिली. गावाला पावभट्टी हवी, तर भट्टीवालाच बोलावला. म्हातारी माणसे जास्त, म्हणून वस्ती अजून घटतेच. तरी २०२३ साली तिथे नवे तंत्रविद्यालय उघडले.

२०२० च्या टाळेबंदीत आपलीही मुले गावी बसून पुण्या-मुंबईचे काम करीत होती. रेंजसाठी माळावर जात. पुढे बहुतेक परतली. एक खोली, भरवशाची वीज आणि तार, एवढे तरी ग्रामसभेत मांडावे. नांगी उशिरा भरली तर रोप सावलीत दबून जाते, हे आपणांस सांगायला नको.

– ऊसविकास अधिकारी