साचा आणि हात

तेरला बँकेच्या शाखेत मी व्यवस्थापक होतो, तेव्हा गावातल्या पेंटरची पैसे काढायची स्लिप काउंटरवरून हमखास माझ्या टेबलावर यायची. सही जुळत नसे. नमुना कार्डावरची वेगळी, स्लिपवरची वेगळी. दोन्ही देखण्या मात्र! एकदा चिडून विचारलं, तर म्हणाला, "साहेब, हाताचं अक्षर दोनदा सारखं कसं येईल?"

गावातल्या पाट्या त्याच्याच. किराणा दुकान, पिठाची गिरणी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची मागची फळी. खडू लावलेली दोरी ताणून फटकन सोडली, की शिरोरेषा आखली गेली. मग ब्रशानं एका दमात अक्षर. बोरूचं अक्षर टोकाला तिरकं तुटतं. ब्रशाचं मऊ वळतं, सुटताना बारीक शेपूट सोडतं.

पुढं फ्लेक्स आला. वरून आदेश आला, सगळ्या शाखांच्या पाट्या एकसारख्या हव्यात. पेंटरनं रंगवलेली पाटी मीच उतरवली. जुना पत्रा तरी द्या, म्हणून तो आला. नियमात बसत नव्हतं, दिला नाही. निवृत्तीनंतरही ते मनातून गेलेलं नाही.

मध्यंतरी माझ्या कादंबरीच्या मुखपृष्ठासाठी एका तरुण मुलीनं संगणकावर फॉन्ट दाखवले. त्यांतला ‘यात्रा वन’ मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला. पाहून बरं वाटलं. हे काम सोपं नाही. देवनागरीचं मुळाक्षरांवर भागत नाही; काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं मिळून शेकडो आकार काढावे लागतात आणि शिरोरेषा प्रत्येक जोडीत बेमालूम जुळावी लागते. मी ‘बाबा’ लिहून पाहिलं. दोन्ही ‘बा’ तंतोतंत सारखे! म्हणून काही फॉन्टकार एकाच अक्षराचे दोन-तीन पर्यायी आकार करून ठेवतात, असं ती म्हणाली. म्हणजे पेंटरच्या सहीचा गुण आता यंत्राला मुद्दाम शिकवावा लागतो. कमल शेडगे (1935–2020) नाटकांची नावं हातानं रेखायचे, तेव्हा प्रत्येक नाटकाला त्याचं स्वतःचं अक्षर मिळे.

अर्थात साचा काही कालचा नाही. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्ती आहेत, त्यांतल्या काही दुहेरी साच्यातून काढलेल्या. आणि त्याच गावात गोरोबाकाकांचं चाक फिरलं. साचा आणि चाक, दोन्ही तेरचीच. पण साच्यासाठीसुद्धा पहिली मूर्ती कुणीतरी हातानंच घडवली असणार ना!

2023 मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पाट्या बदलल्या. त्यानंतर मी तेरला गेलो, पेंटरला शोधून काढलं. हात थोडा कापतो त्याचा. मुखपृष्ठावर कादंबरीचं नाव तुम्हीच लिहा, म्हटलं. त्यानं चार कागदांवर चार वेळा लिहिलं. चारही वेगळी.

"कुठलं पास करता, साहेब?" त्यानं हसत विचारलं.

मी चारही कागद पिशवीत ठेवले. त्या पत्र्याचा विषय त्यानं काढला नाही. मलाच काढावा लागला.