ख्वाजा युनूसचा मृतदेह कुठे आहे? पुरावा पोलिसांच्याच हातात असतो तेव्हा…

जालन्याहून रेल्वेने निघालं की परतूर, सेलू, मानवत रोड आणि मग परभणी. म्हणजे ख्वाजा युनूस काही लांबच्या मुलखातला नव्हता, आपल्याच मराठवाड्यातला होता. तरी आज कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे नाव विचारलं तर बहुतेकांना माहीत नसतं. म्हणून हे प्रकरण पुन्हा एकदा नीट, सुरुवातीपासून समजून घेऊ. कुणाला शिव्या द्यायला नाही. पुरावा म्हणजे काय, तो कसा टिकतो आणि कसा नाहीसा होतो, हे कळावं म्हणून.

काय घडलं होतं?

२ डिसेंबर २००२ रोजी मुंबईत घाटकोपरला बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला. दोन माणसं गेली, अनेक जखमी झाली. तपासात पोलिसांनी काही तरुणांना 'पोटा' कायद्याखाली पकडलं. त्यातला एक परभणीचा ख्वाजा युनूस. वय २७, शिक्षणाने इंजिनिअर, दुबईत नोकरी. अटक २५ डिसेंबर २००२ ची.

जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की युनूसला तपासासाठी औरंगाबादकडे नेत होतो, वाटेत अहमदनगर जिल्ह्यात पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. तशी फिर्यादही पारनेर पोलीस ठाण्यात नोंदवली गेली. कागदोपत्री युनूस 'फरार' झाला.

घरच्यांनी हे मान्य केलं नाही. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या आदेशाने राज्य सीआयडीने चौकशी केली. सीआयडीचा निष्कर्ष असा, की पळून गेल्याची गोष्ट बनावट आहे आणि युनूसचा मृत्यू ६ जानेवारी २००३ रोजी कोठडीतच झाला. सीआयडीने १४ पोलिसांवर ठपका ठेवला. सरकारने खटल्याला परवानगी दिली ती फक्त चौघांविरुद्ध, त्यात सहायक पोलीस निरीक्षक सचिन वाझे होते. २००४ मध्ये हे चौघे निलंबित झाले. त्यांच्यावर खुनाचा आणि पुरावा नष्ट केल्याचा आरोप आहे. तो सिद्ध झालेला नाही, हेही इथे स्पष्ट सांगायला हवं.

आणि ज्या स्फोटासाठी युनूसला उचललं होतं, त्या खटल्याला सामोरे गेलेले आरोपी २००५ मध्ये विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले.

मृतदेहच नाही, मग खून कसा?

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. उत्तर असं की मृतदेह सापडलाच पाहिजे, अशी कायद्याची अट नाही. 'रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश' या १९८१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की इतर भक्कम पुराव्याने मृत्यू सिद्ध होत असेल तर मृतदेह नसतानाही खुनाची शिक्षा होऊ शकते. कारण साधं आहे. तसं नसतं तर मृतदेह गायब करणारा प्रत्येक जण सुटला असता.

पण 'इतर भक्कम पुरावा' आणायचा कुठून? बाहेरच्या खुनात शेजारी असतात, दुकानदार असतो, रस्त्यावरची माणसं असतात. कोठडीत कोण असतं? पोलीस आणि दुसरे आरोपी. नोंदी असतात त्याही पोलिसांच्याच: स्टेशन डायरी, लॉकअपचं रजिस्टर, गाडीचं लॉगबुक, वायरलेसचे संदेश.

आता एका गाडीला खरोखर अपघात होऊन आरोपी पळाला तर काय काय मागे उरेल, बघा. गाडीवर तसं नुकसान दिसेल. आतल्या पोलिसांच्या जखमांची डॉक्टरांची नोंद असेल. लॉगबुकात किलोमीटर जुळतील. वायरलेसवर ताबडतोब नाकाबंदीचा संदेश गेलेला असेल. आजूबाजूच्या गावात कुणीतरी काही पाहिलं असेल. खरी घटना अशी सगळीकडे खुणा सोडते. खोटी घटना मात्र एका कागदावर असते आणि दुसऱ्या कागदाशी जुळत नाही. म्हणून अशा प्रकरणात तपास दुसऱ्या यंत्रणेकडे आणि लवकर जाणं महत्त्वाचं असतं. जितका उशीर, तितका कागद सरळ करायला वेळ.

एक साक्ष, पंधरा वर्षांनी

युनूसबरोबर पकडलेल्या एका डॉक्टरने (तोही निर्दोष सुटला) न्यायालयात गवाही दिली की कोठडीत युनूसला पट्ट्याने मारताना आणि रक्ताची उलटी करताना आपण पाहिलं. ही साक्ष झाली जानेवारी २०१८ मध्ये. घटना २००३ ची! साक्षीत आणखी चार पोलिसांची नावं आली. त्यांनाही आरोपी करावं, असा अर्ज विशेष सरकारी वकिलांनी केला. त्याच वर्षी सरकारने त्या वकिलांनाच खटल्यातून काढलं.

पंधरा वर्षांत माणसाची आठवण पुसट होते, उलटतपासणीत वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. उशीर हाही पुरावा नष्ट करण्याचाच एक रस्ता आहे, असं आम्हाला वाटतं. त्यासाठी काही जाळावं लागत नाही की पुरावं लागत नाही.

जून २०२० मध्ये कोरोनाच्या काळात मनुष्यबळ कमी असल्याचं सांगून चौघांना पुन्हा सेवेत घेतलं गेलं. मार्च २०२१ मध्ये वाझे यांना एनआयएने अंबानींच्या घराजवळ सापडलेल्या स्फोटकांच्या प्रकरणात अटक केली, मनसुख हिरेन यांच्या खुनाचाही आरोप ठेवला. त्या तपासात मिठी नदीत पाणबुडे उतरवून सीसीटीव्हीचा डीव्हीआर, लॅपटॉप आणि नंबर प्लेट बाहेर काढल्या गेल्या. पुरावा तपास अधिकाऱ्यानेच नष्ट केला, असा एनआयएचा आरोप आहे. तोही खटला न्यायालयात आहे. पण सतरा-अठरा वर्षांच्या अंतराने सवाल तोच उभा राहिला की राखणदारावर नजर कुणी ठेवायची?

त्याच परभणीत, बावीस वर्षांनी

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर आंदोलन पेटलं. पोलिसांनी पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी याचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांनी मारहाण केली नाही, असं सरकारतर्फे सांगितलं गेलं. पण या वेळी मृतदेह होता. शवविच्छेदन झालं आणि अनेक जखमांमुळे शॉक बसून मृत्यू, असं मत आलं. न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, तिचा अहवाल पोलिसांच्या विरोधात गेला. सोमनाथच्या आईच्या याचिकेवर औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवायला सांगितलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही तो आदेश कायम ठेवला.

इन्साफ अजून व्हायचा आहे. पण फरक बघा. एका आईच्या हातात शवविच्छेदनाचा कागद होता. दुसऱ्या आईला लेकाची मय्यतही मिळाली नाही. ना गुस्ल, ना कफन, ना कब्र.

आपल्याला काय माहीत असावं?

कायदा आज २००३ पेक्षा बरा आहे, पण तो मागावा लागतो.

- अटक झाल्यावर नातेवाइकाला कळवणं, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करणं आणि वैद्यकीय तपासणी करणं बंधनकारक आहे. तपासणीच्या अहवालाची प्रत मागा. जखम असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांना तिथेच सांगा, घाबरून गप्प राहू नका.
- २ डिसेंबर २०२० च्या 'परमवीर सिंग सैनी' निकालाप्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपसह, सीसीटीव्ही हवेत आणि चित्रीकरण दीड वर्ष, किमान एक वर्ष तरी जपायला हवं. शंका आली की त्याच दिवशी लेखी अर्ज द्या, 'चित्रीकरण जपून ठेवा' म्हणून. पोच घ्या.
- कोठडीत मृत्यू झाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ नुसार न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी होते. शवविच्छेदनाचं चित्रीकरण मागा. ते होण्याआधी दफनाची घाई करू नका, कुणी कितीही दबाव आणला तरी.
- माणसाच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी संबंध असेल तर माहिती अधिकारात ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं.

एक गोष्ट मात्र राहिलीच आहे. विधी आयोगाने १९८५ च्या ११३ व्या अहवालात सुचवलं होतं की पोलीस कोठडीत माणूस जखमी झाला तर ती जखम पोलिसांनीच केली, असं न्यायालयाला गृहीत धरता यावं आणि तसं नसल्याचं पोलिसांनी दाखवावं. चाळीस वर्षं झाली. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम लागू झाला, त्यातही हे कलम आलं नाही. पुरावा ज्याच्या ताब्यात, जबाबदारीही त्याची, इतकं साधं हे म्हणणं आहे. आपल्या भागातल्या आमदार-खासदारांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, मतं मागायला येतील तेव्हा हा प्रश्न विचारायला हरकत नाही.