ओसाड जागेत अडकलेला विषाणू

कॅलिफोर्नियातल्या लॉरीन विलेनबर्ग यांना एचआयव्हीची लागण झाल्याचं १९९२ मध्ये समजलं. औषधं न घेताही त्यांच्या रक्तात विषाणूने डोकं वर काढलं नाही. अमेरिकेतल्या रॅगन इन्स्टिट्यूटच्या शू यू यांच्या गटाने त्यांच्या १५० कोटींहून अधिक रक्तपेशी पिंजून काढल्या. नवा विषाणू घडवू शकेल अशी एकही अखंड प्रत सापडली नाही. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं.

औषधाविना विषाणूला काबूत ठेवणारे लोक शंभरात एकही भरत नाहीत. त्यांच्यापैकी अनेकांमध्ये बी५७ किंवा बी२७ हे एचएलए जनुकप्रकार आढळतात. हे जनुक जी प्रथिनं घडवतात, ती विषाणूचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडून मारक टी-पेशींना दाखवतात. पण हे जनुक असूनही कित्येक जण आजारी पडतात. त्यामुळे एवढ्यावर माझं समाधान होत नव्हतं.

खरी उकल जागेत आहे. एचआयव्ही स्वतःची प्रत शरीरातल्या पेशीच्या डीएनएत घुसवतो आणि अशा काही पेशी वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. गोळ्या विषाणूची वाढ थांबवतात, ही दडलेली प्रत मात्र त्यांना पुसता येत नाही. म्हणून उपचार थांबवले की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच विषाणू परततो. (हा लेख वाचून कुणी गोळ्या बंद करू नयेत, ही कळकळीची विनंती.) शू यू यांच्या गटाने औषधाविना विषाणूला काबूत ठेवणाऱ्या ६४ जणांच्या पेशी पाहिल्या, तेव्हा उरलेल्या अखंड प्रती बऱ्याचदा डीएनएच्या ओसाड भागांत सापडल्या. तिथे जनुकं जवळजवळ नसतात आणि असली तरी मुकी असतात. विषाणू मुद्दाम तिथे गेला नव्हता. गजबजलेल्या जागी बसलेल्या प्रती बोलू लागल्या, पकडल्या गेल्या आणि त्यांच्या पेशी मारल्या गेल्या. मुक्या तेवढ्या उरल्या. शरीराने इतक्या चिकाटीने केलेली ही निवड मला अस्थिमज्जारोपणापेक्षा अधिक आशादायक वाटते. टिमोथी रे ब्राऊन यांना २००७ मध्ये विषाणू पेशीत शिरायला वापरतो ते सीसीआर५ हे दार नसलेल्या दात्याच्या मूळपेशी मिळाल्या आणि ते एचआयव्हीमुक्त झाले, हे खरंच. पण रक्ताच्या कर्करोगावरचा तो जिवावरचा उपाय कोट्यवधींना कसा पुरणार?

सुमारे वीस वर्षं सलग उपचार घेतलेल्या काही रुग्णांतही अखंड प्रती हळूहळू अशाच मुक्या जागी उरत असल्याचं २०२३ मध्ये दिसून आलं. म्हणजे ही वाट निवडक भाग्यवंतांपुरती नाही. तिचा वेग वाढवता येईल का, हा आता प्रश्न आहे.

विलेनबर्ग यांच्यासारखीच अर्जेंटिनातल्या एस्पेरान्सा गावच्या एका तरुणीची हकिगत २०२१ मध्ये पुढे आली. निदान २०१३ चं. औषधं घेतली ती फक्त गरोदरपणात, बाळाच्या सुरक्षिततेसाठी. संशोधकांनी तिच्या सुमारे ११९ कोटी रक्तपेशी तपासल्या आणि प्रसूतीनंतर वारेतल्या ५० कोटी पेशीही. विषाणूचे मोडके अवशेष मिळाले, अखंड प्रत कुठेच नाही. बाळ निरोगी होतं.