छत्तीस वजा एक

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका गाळ्यात मिलिंग मशीनवर पोलादाची चकती बांधली होती. तिच्या कडेला 36 दाते पाडायचे आणि पाडून झाले की त्यातला एक उडवायचा, एवढंच काम. डिव्हायडिंग हेडचं गणित चाळिसाचं असतं. हँडल 40 वेळा फिरवलं की चकती एकदा पुरी फिरते. 36 दात्यांसाठी दर दात्याला एक फेरा आणि वर एक नवमांश. म्हणजे 18 भोकांच्या वर्तुळावर एक अख्खा फेरा आणि दोन भोकं. कारागीर ओठातल्या ओठात मोजत होता. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर त्यानं मान न वळवता सांगितलं, "जरा गप ऱ्हावा. एक भोक चुकलं की चकती भंगारात."

शेवटचा दाता त्यानं कटरखाली घेऊन मुळापासून साफ केला. चकती तेलात बुडवली, फडक्यानं पुसली आणि गॅरेजच्या मेस्त्रींच्या हातात दिली. मेस्त्रींनी रिकाम्या जागेवरून अंगठा फिरवला. "आता ह्यो नसलेला दात सांगणार, इंजिन कुठं हाय ते."

चकती होती माझ्या एका मित्राच्या स्पोर्ट्स कारसाठी. दोन माणसांची, उघड्या टपाची, 1990च्या दशकातली, 1.6 लिटरची, परदेशातून आलेली गाडी. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ती बंद पडली. इंजिन धडधाकट, पंप चालू, प्लग नवे, पण ठिणगीच येईना. शेवटी पायाजवळच्या पत्र्याखालचा कॉम्प्युटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ईसीएम, उघडला. आतले कपॅसिटर झिरपले होते आणि त्यातल्या द्रवानं बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेषा खाल्ल्या होत्या. त्या काळातल्या बऱ्याच इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं हे दुखणं आहे, टेपरेकॉर्डरपासून टीव्हीपर्यंत. फक्त टेपरेकॉर्डर बिघडला तर गाणं थांबतं. इथं गाडी थांबली. तसला जुना ईसीएम परदेशातून मागवला, तर तोही तितकाच जुना, त्याच वाटेवरचा.

आपल्याकडे बनलेल्या स्पोर्ट्स कार्सच्या मालकांनाही हा प्रश्न आज ना उद्या भेटणारच. गोव्यात सॅन स्टॉर्म बनली, दिलीप छाब्रियांनी अवंती आणली. दोन्ही गाड्यांत रेनोची इंजिनं, आणि दोन्हींचं उत्पादन बंद झालं. इंजिनाचे लोखंडी भाग कोल्हापुरात ओतून, घासून, करून मिळतात. कॉम्प्युटर ओतता येत नाही. तेव्हा त्याच्या जागी दुसरा, मोकळा कॉम्प्युटर बसवायचा, ज्याचा प्रत्येक आकडा बसवणाऱ्याला दिसतो आणि बदलता येतो. मित्रानं तो रस्ता धरला आणि मला त्या निमित्तानं चार महिने गॅरेजमध्ये बसायला मिळालं.

मुळात हा डबा करतो काय? इंजिनात किती हवा गेली ते ओळखतो, तिच्या मापानं पेट्रोल सोडतो आणि योग्य क्षणी ठिणगी देतो. कार्ब्युरेटर हेच काम बारीक भोकांच्या पितळी जेटनं आणि हवेच्या ओढीनं करायचा. बॉशनं 1967 साली फोक्सवॅगनच्या 1600 मॉडेलवर डी-जेट्रॉनिक नावाची इलेक्ट्रॉनिक पेट्रोल फवारणी आणली. 1979मध्ये बॉशच्याच मोट्रॉनिकनं पेट्रोल आणि ठिणगी एकाच डब्यात आणली. ती पहिल्यांदा बीएमडब्ल्यू 732आय गाडीत बसली. आपल्या रस्त्यांवर हे बदल 2000 सालच्या आसपास आले. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि 'एमपीएफआय' ही अक्षरं गाड्यांच्या मागच्या काचेवर मिरवू लागली. हवेसाठी ते चांगलंच झालं. पण त्याच दिवशी मेस्त्रीच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर अर्ध्या कामाचा उरला. कारखान्यानं डबा सील करून पाठवला होता आणि आत काय लिहिलंय ते वाचायची सोय ठेवली नव्हती.

शर्यतीच्या जगाला असा बंद डबा चालण्यासारखा नव्हता. ऑस्ट्रेलियात 1986 साली हॅलटेक सुरू झाली. तिच्यासारख्या कंपन्यांचे कॉम्प्युटर उत्तम, पण किंमत सामान्य गॅरेजच्या आवाक्याबाहेरची. 2001च्या सुमारास अमेरिकेतल्या ब्रूस बॉलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी मेगास्क्वर्ट आणला. सुट्या भागांची पिशवी यायची, बोर्डावर डाग आपला आपण द्यायचा. पुढं आर्डुइनो मेगा या शिकाऊ बोर्डावर चालणारा स्पीडुइनो आला. त्याचा सगळा आराखडा आणि प्रोग्राम कुणालाही वाचायला खुला आहे. आपल्याकडे बंगळूरचा पॉवरट्रॉनिक माहीत असतो, पण तो वेगळ्या जातीचा. तो मूळ कॉम्प्युटरच्या पाठुंगळी बसतो आणि त्याचे संदेश वाटेत थोडे बदलतो. मूळ कॉम्प्युटरच मेला असेल, तर पाठुंगळीला बसायचं कुणाच्या?

कोल्हापूरला असलं काम नवं वाटत नाही, हे मी गावच्या अभिमानापोटी म्हणत नाही. बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं 1918मध्ये इथंच चित्रपटाचा कॅमेरा बनवला. यंत्र उघडून बघायचं, समजून घ्यायचं आणि आपल्या लेथवर पुन्हा घडवायचं, ही सवय या गावात मुरलेली आहे. ऑइल इंजिनांचे सुटे भाग याच सवयीतून निघाले, शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंतच्या फौंड्र्या याच सवयीवर उभ्या राहिल्या. माझं म्हणणं एवढंच, की उघडता न येणारी वस्तू या गावाला मानवत नाही. मोकळा ईसीएम म्हणजे त्या जुन्या सवयीला पुन्हा मिळालेली जागा आहे.

चकती क्रँकच्या पुलीला बसली. समोर चुंबकीय सेन्सर, मध्ये मिलिमीटरभर फट. मेस्त्रींनी ती फट फीलर गेजनं चार ठिकाणी मोजली, कारण चकती किंचित जरी डगमगली तरी वरच्या फेऱ्यांवर सिग्नल तुटतो. दर दाता म्हणजे क्रँकचे 10 अंश. मिनिटाला 6000 फेऱ्यांवर एक फेरा होतो 10 मिलिसेकंदांत. म्हणजे सेन्सरसमोरून दर दाता सेकंदाच्या छत्तीसशेव्या हिश्श्यात निघून जातो. तेवढ्या वेळात कॉम्प्युटर मोजत असतो, आणि मध्येच एक दाता आला नाही की त्याला कळतं, पहिला पिस्टन आता अमुक अंशावर आहे. इंजिनाचं चक्र दोन फेऱ्यांचं असतं. चालू फेरा पहिला की दुसरा, हे एका चकतीवरून कळत नाही. म्हणून ठिणगी जोडीनं द्यायची, एक-चारला एकदम, दोन-तीनला एकदम. जोडीतल्या एकाची ठिणगी वाया जाते, पण गाडी नीट चालते.

वायरिंगला तीन आठवडे गेले. या कामात नव्वद टक्के दुखणी कॉम्प्युटरची नसतात, अर्थिंगची असतात, हे मेस्त्रींचं ठाम मत, आणि मला ते पटलं. सेन्सरची वायर जाळीच्या आवरणातली, आवरणाला अर्थ एकाच टोकाला. सगळ्या सेन्सरांची अर्थ एकत्र थेट ईसीएमकडे, बॉडीला कुठंही चिकटवायची नाही. कॉइलच्या वायरी वेगळ्या वाटेनं. प्रत्येक वायरीला त्यांनी कागदाची चिठ्ठी लावून वर पारदर्शक नळी चढवली होती. अक्षर शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं. "उद्या मी नसलो तर दुसऱ्याला कळाय नको व्हय?" ते म्हणाले.

पेट्रोल जोडायच्या आधी की फिरवली. लॅपटॉपवर आकडे उमटले. पाण्याचं तापमान 27, थ्रॉटल शून्य, हवेचा दाब 95 किलोपास्कल. तो 95 पाहून मला फार बरं वाटलं. समुद्रसपाटीला तो 101च्या आसपास असतो. आपलं गाव साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे, हे त्या डब्यानं पहिल्याच श्वासात ओळखलं होतं.

मग टायमिंग लाइट. कॉम्प्युटरला सांगायचं की ठिणगी 10 अंशांवर बांधून ठेव, स्टार्टर मारायचा आणि पुलीवरची खूण खरोखर 10 अंशांवर दिसते का ते लुकलुकत्या उजेडात बघायचं. स्क्रीन 10 म्हणत होता आणि खूण दिसत होती 17ला. ही पायरी गाळणारी माणसं पुढं इंजिन फोडतात. सात अंशांचा फरक आत लिहिला, पुन्हा बघितलं, खूण जागेवर. तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं. सायलेन्सरमधून एक बार उडाला, शेजारच्या गाळ्यातली पोरं धावत आली, आणि गाडी धापा टाकत का होईना, चालू राहिली.

खरं काम त्यानंतरचं. ईसीएमच्या पोटात एक तक्ता असतो, 16 ओळी आणि 16 रकाने, म्हणजे 256 घरं. आडवे इंजिनाचे फेरे, उभा हवेचा दाब. प्रत्येक घरातला आकडा सांगतो की या अवस्थेत सिलिंडर किती भरतो. धुराच्या वाटेवर बसवलेला रुंद पल्ल्याचा ऑक्सिजन सेन्सर दाखवतो की मिश्रण घट्ट झालं की पातळ. मेस्त्री एका घरात गाडी स्थिर धरायचे, आकडा दोन-तीननं हलवायचे, कान इंजिनाकडे आणि डोळे स्क्रीनवर. कानानं "स्लोला मिसिंग हाय" म्हणायचे आणि मग स्क्रीनवर तेच दिसायचं. तीस वर्षं ऐकलेलं आता आकड्यात लिहून ठेवता येतं, यात त्यांना केवढा आनंद होता! संध्याकाळी ते वहीत तारीख टाकून बदललेली घरं उतरवून घेत.

इथं ऊस आला. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, आणि त्यातलं कितीतरी आपल्याच भागातल्या कारखान्यांच्या आसवनींतून गेलेलं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पुरं जळायला हवेचे 14.7 भाग लागतात. नुसत्या इथेनॉलला 9च पुरतात, कारण त्याच्या अंगातच ऑक्सिजन आहे. 20 टक्के मिसळीला हिशेब येतो साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के इंधन जास्त हवं. जुना बंद डबा सावकाश चालताना थोडंफार सांभाळून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलला बहुतेक जुने कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाहीत, पाठ असलेला आकडा सोडतात. मिश्रण पातळ पडतं, उष्णता वाढते, ठोके सुरू होतात. मेस्त्रींच्या फळीवर मधोमध भोक पडलेला एक पिस्टन ठेवलेला आहे. पिस्टन घडवणाऱ्या गावात तसा पिस्टन डोळ्यासमोर ठेवणं मला योग्य वाटलं. पूर्ण थ्रॉटलची घरं त्यांनी रस्त्यावर भरलीच नाहीत. गाडी ट्रकवर चढवून पुण्याला चाचणीच्या रोलरवर नेली आणि तिथं भरली, थोडी घट्टच ठेवली.

या विद्येला कोल्हापुरात शर्यतीचीही जमीन आहे. हुपरी रस्त्यावरच्या मोहित्यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. इथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. अभियांत्रिकीची मुलं कोइमतूरच्या कारी ट्रॅकवरच्या फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी गाडी बांधतात, तेव्हा 20 मिलिमीटरच्या एकाच भोकातून सगळी हवा ओढावी लागते. त्या भोकासाठी कुठल्याच कारखान्यानं आकडे भरलेले नसतात, म्हणून मोकळा ईसीएम लागतोच. आपल्या मुलांनी ही विद्या तिथं शिकावी असं मला मनापासून वाटतं. हमरस्त्यावर मात्र शिकू नये.

कारण कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 52 नुसार गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगीशिवाय केलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. बीएस-6 गाडीचा कॉम्प्युटर चार अश्वशक्ती वाढवण्यासाठी बदलणं मला तर चूकच वाटतं. त्या डब्यात शेजारच्या पोराच्या फुफ्फुसाचाही हिशेब असतो. माझ्या मित्राचं प्रकरण मेलेल्या गाडीला उठवण्याचं होतं. त्यानं धूर गाळणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर ठेवलं, विमा कंपनीला कळवलं आणि लेखी परवानगी हातात येईपर्यंत गाडी शेडमधून बाहेर काढली नाही.

डिसेंबरातल्या एका पहाटे आम्ही तिघं दोन गाड्यांनी रत्नागिरीला निघालो. थंडीत इंजिन दोनदा अडखळलं. मेस्त्रींनी गार इंजिनाच्या तक्त्यात 20 अंशांच्या घरात चार टक्के वाढवले आणि वहीत लिहिलं. मलकापूर मागं पडलं, आंबा घाट आला. मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. उतारावर मित्रानं पाय काढला की फवारणी पूर्ण थांबायची, पुन्हा पाय ठेवला की हलकेच सुरू व्हायची, झटका म्हणून नाही. दर वळणामागे हवा जड होत होती आणि दाबाचा आकडा तसतसा वर चढत होता.

दुपारी भाट्याच्या किनाऱ्याशी गाडी थांबवली. मेस्त्रींनी इंजिन बंद केलं, क्षणभर थांबून नुसती की फिरवली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. 101. स्टार्टर मारला, इंजिन पहिल्या फेऱ्याला लागलं आणि स्लोला स्थिर झालं. बराच वेळ ते ऐकत राहिले. मग लॅपटॉप मिटला, वही उघडली, तारीख घातली आणि तिच्यापुढं लिहिलं: काही बदल नाही.