कांदा विकावा की चाळीत ठेवावा?

उन्हाळ कांदा शेतातून निघाला, की नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यापुढे दरवर्षीचाच प्रश्न उभा राहतो. माल लगेच लासलगावच्या लिलावात न्यावा, की चाळीत भरून भाववाढीची वाट पाहावी?

एकदा चाळ बांधली, की साठवणूक जणू फुकटच, असे वरवर वाटते. मात्र चाळीत कांदा सुकतो, सडतो, त्याला कोंब फुटतात. समजा, मे महिन्यात शंभर क्विंटलला क्विंटलमागे १२०० रुपये, म्हणजे १ लाख २० हजार मिळत होते. सप्टेंबरपर्यंत पाव माल गेला, तर उरलेल्या ७५ क्विंटलला १६०० रुपये भाव मिळाला तरच तेवढी रक्कम हाती येते. शिवाय मे महिन्यातच पैसे आले असते, तर कर्ज फिटून व्याज वाचले असते. हातचा पर्याय सोडल्याने ज्या लाभाला मुकावे लागते, त्याला अर्थशास्त्रात 'संधी खर्च' म्हणतात. तो कोणत्याही वहीत लिहिला जात नाही, म्हणूनच विसरला जातो.

शहरातील ग्राहक याच साठवणुकीला सहज साठेबाजी म्हणून मोकळा होतो. पण चाळी नसत्या, तर पावसाळ्यात त्याच्या ताटात कांदा क्वचितच दिसला असता.

जोखीम केवळ हवामानाची नसते. ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीतला माल बाजारात येत असतानाच केंद्र सरकारने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. निषेधार्थ जिल्ह्यातील लिलाव बंद पडले. डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच आली. ती मे २०२४ मध्ये उठली, तर उरलेले २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. २०२३ च्या उन्हाळ्यात चाळ भरताना यातले काहीच हिशेबात धरता येण्याजोगे नव्हते.