एकटी चिमणी काय सांगणार?

पुरातत्त्वात पीएचडी करतोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग उत्खनन कुठे चालू आहे?" मी "लालबाग-परळ" असं उत्तर दिलं की समोरच्याला चेष्टा वाटते. म्हणून आज औद्योगिक पुरातत्त्वाबद्दल थोडं.

कारखाने, यंत्रं, गोदामं, कामगारांच्या चाळी अशा भौतिक अवशेषांवरून औद्योगिक काळ समजून घेणं, म्हणजे औद्योगिक पुरातत्त्व. ही संज्ञा ब्रिटनमध्ये रुळली ती मायकेल रिक्स यांच्या १९५५ च्या लेखानंतर.

पण या काळाची कागदपत्रं ढीगभर आहेत, मग भिंती कशाला वाचायच्या? कारण कागद बहुतेक मालकांचे किंवा सरकारचे असतात. त्यात चात्या किती, नफा किती, हे सापडतं. कामगार कुठे उभा राहायचा, त्याच्या यंत्रावर उजेड कुठून पडायचा, हे इमारत जास्त नीट सांगते.

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. त्या काळच्या गिरण्या वाफेवर चालत. इंजिनाची शक्ती दोर किंवा दात्यांच्या चाकांमधून प्रत्येक मजल्यावर जायची, तिथून छताखालच्या लांब दांड्यांवर आणि पट्ट्यांनी यंत्रांपर्यंत. म्हणजे यंत्रांची रांग त्या दांडीनेच ठरवलेली! पुढे १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईत येऊ लागली, हळूहळू मोटारी आल्या आणि दांड्या निरुपयोगी झाल्या. पण खांबांवरच्या ब्रॅकेटच्या खुणा, बुजवलेली भोकं मागे राहू शकतात. मातीत जसे थर असतात, तसेच हे इमारतीतले थर.

विणाईच्या शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं का असतं? काचा उत्तरेकडे ठेवल्या की थेट ऊन न येता सारखा उजेड मिळतो. मागांचे हादरे मोठे, म्हणून हे खातं बहुधा तळमजल्यावर.

आता मुद्द्याचं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, जमिनींवर टॉवर आणि मॉल आले. काही ठिकाणी चिमणी तेवढी राखली. आपल्याला वाटतं, चला, वारसा वाचला. पण चिमणीला अर्थ येतो तो बॉयलर, इंजिनघर, खाती, गेट आणि गेटासमोरची चाळ यांच्यामुळे. थरातून उपटून काढलेलं मडकं जसं अर्धं मुकं होतं, तशीच ही चिमणी. पुरातत्त्वात वस्तूइतकाच तिचा संदर्भ महत्त्वाचा, तो यासाठी.

तुम्हाला या विषयात यायचं असेल तर आधी प्रश्न ठरवा, जागा नंतर. "मला अमुक गिरणीवर काम करायचंय" हा प्रश्न नाही. "वीज आल्यावर खात्याची मांडणी बदलली का?" हा प्रश्न आहे. मग जुना नकाशा आजच्या नकाशावर ठेवून बघा. रीतसर परवानगी घेऊन मोजमापं घ्या, फोटोत मोजपट्टी ठेवा. आणि शक्य असेल तर तिथे काम केलेल्या माणसाला सोबत घेऊन त्या जागेतून चाला. त्यांची आठवण आणि भिंतीवरची खूण जुळली नाही तर घाबरू नका. बऱ्याचदा खरं संशोधन तिथूनच सुरू होतं.

फक्त उशीर करू नका. संपाच्या वेळी विशीत असलेला कामगार आज साठी ओलांडून गेलाय.